वासना म्हणजे भूकसुद्धा

आज आपण एका शब्दाचा इतिहास बघणार आहोत. शब्द ऐकल्या ऐकल्या रेडिओचा आवाज बारीक करू नका. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर त्यांनाही ऐकू द्या, कारण या शब्दाचा जुना अर्थ आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असणार. शब्द आहे 'वासना'.

हाच शब्द का घेतला ते आधी सांगतो. गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज यावर आम्ही बाया घडाघडा बोलतो. मॅनेजरसमोरही बोलतो. पण आरोग्याचा विषय निघाला, त्यातही नवरा-बायकोच्या संबंधांचा निघाला, की सगळ्यांच्या माना खाली. कुणी पदराशी चाळा करतं, कुणी हसून वेळ मारून नेतं. सांगायचं पुष्कळ असतं, पण कोणत्या शब्दात सांगायचं हे कळत नाही. जे शब्द माहीत आहेत ते एक तर शिवीतले, नाही तर पेपरातल्या गुन्ह्याच्या बातमीतले. चांगल्या घरातल्या बाईने तोंडात घ्यावा असा शब्दच शिल्लक नाही, असं वाटतं. म्हणून आम्ही म्हटलं, हे शब्द आधी असेच होते का, ते तरी बघू.

आता तुमच्या आजीचं बोलणं आठवा. तापातून उठलेलं माणूस ताटावर बसतं आणि दोन घास खाऊन उठतं. आजी म्हणते, "अन्नावर वासनाच नाही त्याची." इथे वासना म्हणजे भूक, खाण्यावरची इच्छा. कुणी पंढरीला जाऊन आलं की म्हणतं, "देवाने वासना दिली म्हणून जाणं झालं." इथे वासना म्हणजे मनाची ओढ. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की जमलेली माणसं म्हणतात, "कशात तरी वासना अडकली." मग कुणी पुढे होऊन सांगतं, तुमच्या धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका. म्हणजे गेलेल्या माणसाची वासना लेकीच्या लग्नात असते, बांधावरच्या आंब्याच्या झाडात असते, न फिटलेल्या कर्जात असते. यातल्या एकाही वाक्याला कुणी लाजत नाही. वासना म्हणजे जिवाला जे हवंसं वाटतं ते.

शब्द मूळचा संस्कृत. जुन्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत, योगाच्या आणि बौद्धांच्याही, त्याचा अर्थ होता मनावर मागे राहिलेला ठसा. त्यासाठी नेहमी वासाचा दाखला देतात. फुलं कापडात बांधून ठेवली आणि नंतर काढून घेतली, तरी कापडाला वास राहतो. तसं आपण जे केलं, भोगलं, पाहिलं, त्याचा मनाला जो वास राहतो, ती वासना. त्या वासामुळे मन पुन्हा तिकडे ओढ घेतं. म्हणून हळूहळू वासना म्हणजे ओढ, इच्छा असा अर्थ चालू झाला.

आपल्या संतांनी वासना सोडायला सांगितली हे खरं. पण त्यांच्या मनात फक्त शरीराची इच्छा नव्हती. पैशाची हाव, घरादाराचा लोभ, मानाची भूक हे सगळं त्यात आलं. समर्थ रामदासांनी मनाच्या श्लोकांत वाईट वासना सोड म्हणून मनाला समजावलं आहे. तिथे 'वाईट' हा अर्थ वेगळा जोडावा लागला, हे लक्षात घ्या. वासना म्हटल्याबरोबर ती वाईटच, असं असतं तर वेगळं सांगायची गरज काय होती? मराठीत दुर्वासना हा शब्द आहे, तसा सद्वासना हाही आहे.

या शब्दाचा थोरला भाऊ म्हणजे 'काम'. इथे एक गंमत आहे. आपण रोज जे काम करतो, धुणं-भांडी, खुरपणी, त्या कामाचं मूळ संस्कृत 'कर्म'. कर्माचं प्राकृतात 'कम्म' झालं आणि मराठीत 'काम'. घर्माचा घाम झाला, चर्माचं चाम झालं, त्याच चालीने. दुसरा काम म्हणजे इच्छा. तो संस्कृतातून जसाच्या तसा आला. दोन वेगळ्या घरच्या बाया एकाच नावाच्या असाव्यात, तसे हे दोन शब्द.

इच्छेचा जो काम आहे, त्याला आपल्या पूर्वजांनी मोठा मान दिला होता. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष असे माणसाच्या आयुष्याचे चार पुरुषार्थ. त्यात काम तिसरा. मात्र काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या सहा शत्रूंच्या यादीत त्याचं नाव पहिलं. एकच गोष्ट एका यादीत आयुष्याचा हेतू आणि दुसऱ्या यादीत शत्रू. यात विरोध नाही. चुलीतला विस्तव भाकरी भाजतो आणि छपराला लागला तर घर जाळतो. आवर घाला, असं सांगणं होतं. विस्तवच विझवा, असं ते नव्हतं.

वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'चं नाव घेतलं तरी लोक हसतात. पण त्याचे सात भाग आहेत आणि शरीरसंबंधावर त्यातला एकच भाग आहे. कामाची व्याख्या करताना वात्स्यायन कान, कातडी, डोळे, जीभ आणि नाक ही पाचही इंद्रियं मोजतो. गाणं ऐकून कानाला बरं वाटणं, मोगऱ्याच्या वासाने नाकाला बरं वाटणं, हेही त्याच्या हिशोबात कामच. आणि बायकांनीही हे शास्त्र शिकावं का, यावर वाद घालून तो म्हणतो की शिकावं. मैत्रिणींनो, दिवाळीला आपण 'शुभकामना' देतो, देवापुढे 'मनोकामना' मागतो, गोष्टीत 'कामधेनू' ऐकतो. तिथे हाच काम आहे. म्हणजे शब्द अजून आपल्या घरात आहे, फक्त ओळख विसरली आहे.

आता महाराष्ट्रातलं एक फार जुनं पुस्तक बघू. 'गाथासप्तशती' त्याचं नाव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राजांपैकी हाल या राजाने ते गोळा केलं, असं मानतात. भाषा माहाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी. गाथा सातशेच्या आसपास. त्यात गोदावरीचा काठ आहे, शेतं आहेत, गावातली माणसं आहेत. आणि कितीतरी गाथांत बोलणारी बाई आहे. ती मैत्रिणीशी बोलते, आत्याबाईशी बोलते. परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघते, रुसते, चिडवते, आणि मला तो हवा आहे हेही सांगते. या गाथा सगळ्या बायकांनीच रचल्या असं नाही. पण बाईला इच्छा असते, ती ती बोलते, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विपरीत वाटत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग हा आवाज गेला कुठे? एकदम गेला नाही, त्याची वाटणी झाली. पेशवाईच्या काळात राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनी लावण्या रचल्या. लावणीतली बाई इच्छा उघड बोलते. पण शब्द पुरुषाचे, ऐकणारे पुरुष, आणि फडावर उभी राहून ते म्हणणारी बाई अशा घरातली की तिला गावात मान नाही. तिकडे घरातल्या बाईच्या हातात जातं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आई आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे, कष्ट आहेत. असा सरळ हिशोब झाला की इच्छा फडावरच्या बाईची आणि सोसणं घरातल्या बाईचं. या वाटणीत दोघींचंही नुकसान झालं. एकीची इच्छा विकली गेली, दुसरीची मुकी झाली.

घरातल्या बाईला "तुला काय हवं?" असं विचारायची एक वेळ मात्र आपल्याकडे राखून ठेवलेली आहे. ती म्हणजे डोहाळे. हा शब्द संस्कृत 'दोहद'पासून आला. आपल्या जुन्या वैद्यांनी सांगितलं आहे की गरोदर बाईच्या देहात दोन हृदयं असतात, म्हणून तिची इच्छा मोडू नये. चिंच हवी तर चिंच, माहेरचं लोणचं हवं तर लोणचं. पाचव्या किंवा सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात, तिला झोपाळ्यावर बसवतात. छानच आहे ते. पण आम्हाला एक प्रश्न पडतो. पोटात दुसरं हृदय नसतं तेव्हा तिच्या एकट्या हृदयाला कुणी का विचारत नाही?

हा प्रश्न आमच्या आधी पुष्कळ जणींनी विचारला आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. सुरतेच्या एका तरुण विधवेने लोकलाजेपायी आपलं मूल मारलं, तिला शिक्षा झाली, आणि त्या निमित्ताने पेपरांतून सगळ्या बायकांच्या नावाने बोटं मोडणं चाललं होतं. ताराबाई चिडल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, जे दोष तुम्ही बाईच्या अंगी लावता ते पुरुषाच्या अंगी नाहीत का? बायको मेली की पुरुष दुसरं लग्न करतो. मग नवरा मेल्यावर बाईच्या मनाचं काय?

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ साली, मुंबईत रखमाबाईंवर दावा झाला. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. मोठ्या झाल्यावर त्या नवऱ्याकडे नांदायला जाईनात. नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. पहिल्या न्यायाधीशांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पुढे अपील झालं आणि १८८७ साली हुकूम निघाला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. त्या दाव्यात खरा प्रश्न एकच होता. ज्या लग्नाला बाईने हो म्हटलेलं नाही, त्यात तिला तिच्या मनाविरुद्ध ढकलता येतं का? पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा झालं. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण तेवढ्यासाठीही तेव्हा पुण्या-मुंबईत मोठं रण माजलं होतं.

याच सुमारास छापखाने वाढले, पेपर वाढले, आणि सभ्य काय, असभ्य काय याची नवी माप ठरू लागली. 'विषयवासना', 'कामवासना' असे जोडशब्द होतेच. बोलण्यात पुढचा अर्धा भाग गळून गेला आणि नुसत्या वासनेलाच तो अर्थ चिकटला. शहरातली, शिकलेली माणसं भूक, इच्छा या अर्थाने वासना म्हणेनाशी झाली. आपल्या आज्यांच्या तोंडी मात्र जुना अर्थ टिकला.

उघड बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव मुंबईत गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं. पत्नी मालतीबाई त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या. त्या कामापायी नोकरी गेली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. शरीरसुखाचा हक्क पुरुषाइतकाच बाईला आहे, असं ते लिहीत. वाचक प्रश्न पाठवत, ते सरळ शब्दांत उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. पण लोकांनी शंका विचारली आणि तिला उत्तर दिलं, यात गुन्हा कसला, हा सवाल बाबासाहेबांनी कोर्टात उभा केला, हे आपण विसरायचं नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९३३ साली, 'कळ्यांचे निःश्वास' हे कथांचं पुस्तक निघालं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात होतं. केवढा गदारोळ झाला. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. आपल्याच मनातलं लिहायला टोपणनावाच्या आड उभं राहावं लागलं.

आता आजचा पेपर उघडा. 'वासनेची शिकार', 'वासनांध नराधम', 'वासना शमवली'. मुलीवर अत्याचार झाला की हे शब्द ठरलेले. आम्हाला यात दोन घात दिसतात. पहिला असा की झालेला प्रकार असतो बळजबरीचा, आणि शब्द वापरला जातो इच्छेचा. जणू त्याला भूक अनावर झाली आणि त्याचा तोल गेला. भूक सगळ्यांनाच लागते, म्हणून कुणी दुसऱ्याचं ताट ओढून त्याला मारत नाही. जो मारतो तो आपला जोर दाखवत असतो. तेव्हा त्याला बळजबरी म्हणा, अत्याचार म्हणा. दुसरा घात असा की इच्छेचा शब्दच गुन्हेगाराच्या नावाने लिहून दिला. मग साध्या संसारी बाईने तो वापरायचा कसा?

आणि इथेच आपलं खरं नुकसान आहे. 'मला इच्छा आहे' हे म्हणायची ज्या बाईला लाज वाटते, तिला 'मला इच्छा नाही' हेही म्हणता येत नाही. हो आणि नाही हे एकाच शब्दाचे दोन पाय आहेत. एक पाय बांधला की दुसऱ्यानेही चालता येत नाही. बाईला इच्छा नसतेच असं एकदा ठरलं, की तिच्या नकारालाही किंमत राहत नाही. ती कायमच नको म्हणते, तिचं काय ऐकायचं, असं होतं.

दुखणंही असंच अंगावर काढलं जातं. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असताना इच्छा कमी होते. रक्त कमी असलं, दिवसभर राबून थकवा आला, काही औषधं चालू असली तरी होते. पाळी जायच्या वयात कोरडेपणा येतो, संबंधाच्या वेळी दुखतं. यावर उपचार आहेत. पण डॉक्टरीणबाईसमोर बसून आपण "कंबर दुखते" एवढंच सांगतो आणि कंबरेच्या गोळ्या घेऊन घरी येतो. सांगायला फार मोठे शब्द लागत नाहीत. "जवळ येताना दुखतं." "अलीकडे इच्छा होत नाही." "मला नको असतं तरी होतं." ही तीन साधी मराठी वाक्यं आहेत. आशाताईला सांगा, सिस्टरला सांगा, डॉक्टरांना सांगा.

त्यातलं तिसरं वाक्य जिच्या आयुष्यात खरं आहे, तिच्यासाठी आणखी थोडं. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याच्या बळजबरीला आपला फौजदारी कायदा अजूनही बलात्कार म्हणत नाही. नव्या भारतीय न्याय संहितेतही ती सूट तशीच राहिली आहे. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा घरातल्या लैंगिक अत्याचारालाही हिंसा मानतो. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, कोर्टाकडून संरक्षण मागता येतं. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ आहे. तो लिहून ठेवा.

काही मैत्रिणी म्हणतील, शब्द बदलून काय होणार? शब्द बदला असं आम्ही म्हणतच नाही. 'वासना' हा शब्द लगेच जुन्या मानाने वापरा, असाही आग्रह नाही. तोंडात बसत नसेल तर 'इच्छा' म्हणा, 'मन' म्हणा. "आज मन नाही" हे वाक्य आपल्या घराघरांत आहेच. तेवढंच मोठ्याने म्हणा. आणि कधी मन असेल तर तेही आपल्या माणसाला सांगा. त्यात पाप नाही. सहा महिने संसार केलेल्या सुनेलाही ते लागू आहे आणि तीस वर्षं केलेल्या सासूलाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, सह्या झाल्या, की वही मिटण्याआधी दहा मिनिटं काढा. आपापल्या घरात आजी 'वासना' हा शब्द कशा कशासाठी वापरायची, एवढंच एकमेकींना सांगा. अन्नावरची वासना, देवाने दिलेली वासना, अडकलेली वासना. तिथून सुरुवात करा. पुढचं बोलणं आपोआप निघेल, कारण सांगण्यासारखं प्रत्येकीकडे आहे.